मसालेदार रेड वाइनमध्ये मुरवलेली नासपती

वाइनमध्ये शिजवलेली नासपती उभी चिरली की आत काय घडले आहे ते लगेच कळते. शिजवली त्याच दिवशी चिरली, तर बाहेरून जांभळट लाल रंगाचा जेमतेम सालीएवढा थर दिसतो आणि आतले फळ पांढरेच राहिलेले असते. तीच नासपती एक रात्र त्याच वाइनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चिरली, तर कडेला गर्द माणकासारखा असलेला रंग आत आत फिका होत गाभ्याजवळ गुलाबी झालेला दिसतो, आणि चवही त्याच अंतरापर्यंत पोहोचलेली असते. या पदार्थाच्या कृती सांगताना सगळा भर शिजवण्यावर दिला जातो, पण माझ्या अनुभवात निम्मे काम गॅस बंद केल्यानंतर होते. ज्या घरात मोरावळा किंवा साखरांबा होतो, त्या घराला हे पटवून द्यावे लागणार नाही, कारण फळ शिजणे वेगळे आणि फळ मुरणे वेगळे हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

पदार्थ मूळचा फ्रान्सचा. बर्गंडी आणि बोजोले या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांतांत तो घरोघरी होतो आणि मोठ्या हॉटेलांतही वाढला जातो. मात्र त्याला लागणाऱ्या वस्तूंपैकी एकही आपल्याला अनोळखी नाही. वाइन नाशिकची मिळते, मसाले गोडा मसाल्याच्या डब्यातले आहेत, आणि मसाले घालून मद्य गरम करण्याची कल्पनाही या भागाला परकी नाही. ठाणे-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत लग्नकार्याला खिमाड नावाचे मसालेदार गरम पेय होत आले आहे. नवी असेल ती फक्त फळ हाताळण्याची पद्धत, आणि तीच या लेखात सविस्तर सांगायची आहे.

सर्वप्रथम वेळेचा हिशेब करावा. शनिवारी रात्री पाहुणे जेवायला येणार असतील, तर फळे मंगळवार-बुधवारी आणावीत, शुक्रवारी संध्याकाळी शिजवावीत आणि शनिवारी दुपारी पाक आटवावा. प्रत्यक्ष हात गुंतून राहतो तो सगळा मिळून सव्वा तास. आयत्या वेळी ठरवून त्याच रात्री वाढण्याचा हा पदार्थ नाही.

फळ

ठाण्यात गावदेवी आणि जांभळी नाक्याच्या बाजारात फळवाल्यांकडे साधारणपणे तीन प्रकारची नासपती दिसते. पहिली पावसाळ्यात उत्तरेकडून येणारी गोल, हिरवी-पिवळी, दगडासारखी कडक नासपती. चावून खायला ती रसाळ आणि करकरीत लागते, पण या पदार्थासाठी ती घेऊ नये. तिच्या गरात बारीक कडक कण असतात, ते पेशींच्या लाकडासारख्या झालेल्या भिंतींचे असतात आणि कितीही शिजवले तरी विरघळत नाहीत. तासभर शिजवूनही दाताखाली रवा आल्यासारखे वाटते. दुसरा प्रकार बब्बूगोशा. जुलै ते सप्टेंबरच्या सुमाराला काश्मीर-हिमाचलातून येणारे हे मऊ, सुगंधी फळ चवीला तिघांत सर्वात गोड, पण फार नाजूक. तिसरा प्रकार परदेशातून येणाऱ्या लांब मानेच्या नासपतीचा, ज्याला आपले विक्रेते ‘पेअर’च म्हणतात. त्यातली दक्षिण आफ्रिकेतून येणारी, हिरवी, थोडी उंचसखल अंगाची पॅकहॅम ही या कामाला उत्तम, कारण शिजूनही तिचा आकार टिकतो आणि तिची मान ताटलीत उभी शोभते. लालसर ठिपक्यांची लहान फोरेल मिळाली तर तीही घ्यावी. शीतगृहांमुळे ही फळे वर्षाचा बराच काळ उपलब्ध असतात. नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक फळबाजारात ती पेटीने मिळतात, त्यामुळे दोन-तीन घरांनी मिळून पेटी आणली तर परवडते.

नासपती झाडावर पिकू देत नाहीत. पूर्ण वाढ झाली की ती कडक असतानाच तोडतात आणि ती नंतर घरी किंवा वखारीत पिकते, तीही आतून बाहेर. म्हणून पोट दाबून पाहण्यात अर्थ नसतो. पोट मऊ लागेपर्यंत आतला गाभा पिठूळ झालेला असतो. देठाच्या अगदी खाली, मानेवर अंगठा हलकेच टेकवावा. तिथे किंचित दबले पण खड्डा पडला नाही, तर ते फळ शिजवण्यासाठी नेमके तयार आहे. अजिबात दबत नसेल, तर दोन-तीन दिवस ओट्यावर ठेवावे. ठाण्याच्या दमट उकाड्यात ते पुस्तकात सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी तयार होते, त्यामुळे रोज सकाळी मान तपासावी आणि तयार होताच फ्रिजमध्ये हलवावे. फळवाल्याला सरळ सांगावे, “काका, कडक द्या, तीन दिवसांनी लागणार आहेत.” नाहीतर तो आपल्या भल्यासाठी आजच खाण्याजोगी, मऊ फळे निवडून देतो. एका पाडव्याला माझ्याकडे दहा माणसे जेवायला होती आणि मी सुवासाला भुलून पूर्ण पिकलेला बब्बूगोशा शिजवायला घातला. बाराव्या मिनिटाला पातेल्यात देठ वर तरंगत होते आणि फळांचा मगज झाला होता. त्या दिवसापासून मी मान तपासल्याशिवाय एकही फळ पातेल्यात सोडलेले नाही.

चार फळांचे वजन, आकार आणि पक्वता एकसारखी असावी. एक लहान आणि एक मोठे घेतले की एक विरघळते आणि दुसरे कच्चे राहते, आणि मग प्रत्येकावर स्वतंत्र लक्ष ठेवावे लागते.

वाइन, साखर, मसाले

चार माणसांसाठी प्रत्येकी १७० ते २०० ग्रॅमच्या, देठ शाबूत असलेल्या चार नासपती, ७५० मिलिलिटरची एक बाटली ड्राय, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन, २५० मिलिलिटर पाणी आणि १८० ग्रॅम साखर लागते. मसाल्यांत बोटाएवढा दालचिनीचा एक तुकडा, तीन लवंगा, एक चक्रफूल, चार हिरव्या वेलच्या किंचित चेचून, आठ-दहा काळे मिरे आणि आल्याच्या तीन पातळ चकत्या. याशिवाय एका संत्र्याची साल, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ.

वाइन महागाची नको आणि खराबही नको. ज्या वाइनचा एक पेला आपण आनंदाने पिऊ, ती या कामाला योग्य. नाशिकच्या शिराझ, झिनफँडेल किंवा मर्लो द्राक्षांच्या वाइनमध्ये फळांचा स्वाद पुढे असतो, म्हणून माझी पसंती त्यांना आहे. कॅबर्ने सोव्हिन्यों चांगली असूनही इथे जपून वापरावी, कारण तिच्यात टॅनिन, म्हणजे जिभेला कोरडेपणा आणणारा तुरट अंश, जास्त असतो. पाक आटला की तो तुरटपणाही दाट होतो आणि कच्ची सुपारी चघळल्यासारखे वाटते. लाकडी पिंपात दीर्घकाळ ठेवलेल्या वाइनचेही तसेच. गोव्याची गोड पोर्ट वाइन घरात असेल तर ती चालेल, मात्र साखर ८० ग्रॅमपर्यंत खाली आणावी आणि लिंबू थोडे वाढवावे. २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला दुकाने बंद असतात, हे लक्षात ठेवून बाटली आधीच आणून ठेवावी.

साखरेचे प्रमाण केवळ गोडीसाठी ठरलेले नाही. पातळ पाण्यासारख्या द्रवात फळ शिजवले तर बाहेरचे पाणी फळात शिरते, फळ फुगते आणि लवकर फुटते. उलट घट्ट पाकात घातले तर फळातले पाणी बाहेर ओढले जाते आणि ते आवळून सुरकुतते, मोरावळ्यातल्या आवळ्यासारखे. लिटरभर द्रवाला १५० ते २०० ग्रॅम साखर या दोहोंच्या मधली आहे: फळाचा आकार टिकतो आणि ते भरीवही राहते. गोड कमी आवडणाऱ्यांनी वाढताना पाक कमी घ्यावा, शिजवतानाची साखर कमी करू नये.

मसाले अख्खेच घ्यावेत. पूड घातली की द्रव गढूळ होतो आणि फळाच्या ओल्या अंगावर बारीक कण चिकटून बसतात, ते धुऊनही जात नाहीत. दालचिनी निवडताना थोडे निरखून पाहावे. वाण्याकडे बहुधा जाड, कडक, एकाच घडीची साल मिळते. ती कॅशियाची असते आणि तिचा तिखट उग्रपणा वाइनमध्ये पुढे येतो. कागदासारखे पातळ पदर एकात एक गुंडाळलेली खरी दालचिनी सौम्य आणि गोडसर असते. वाशीच्या बाजार समितीत फळबाजाराबरोबर मसाला बाजारही आहे, तेव्हा त्या बाजूला जाणे झालेच तर दोन्ही कामे एका खेपेत होतात. लवंग तीनच्या वर जाऊ देऊ नये. तिच्या तेलाने जीभ बधिर होते आणि मग ना नासपती कळते ना वाइन. चक्रफूल, म्हणजे गोडा मसाल्यातले बाद्यान, एकच पुरे. त्याचा बडीशेपेसारखा गोड वास नासपतीला फार शोभतो, पण दोन घातली की बिर्याणीची आठवण होऊ लागते. आल्याची चकती आणि मिरे घशाला जी ऊब देतात, तिच्यामुळे हा पदार्थ थंडगार वाढला तरी उबदार लागतो. जायफळ मी घालत नाही, कारण त्याने श्रीखंडाचा भास होतो. कोणाला आवडत असेल तर किंचित किसून घालावे.

संत्र्याची साल पीलरने लांब पट्ट्यांत काढावी आणि पट्टीच्या आतल्या बाजूला लागलेला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकावा. कडवटपणा त्या पांढऱ्यात असतो.

सोलण्यापासून गॅस बंद करेपर्यंत

पातेले जाड बुडाचे, स्टीलचे घ्यावे, १८ ते २० सेंटीमीटर व्यासाचे आणि चार फळे आडवी, एकमेकांना टेकून मावतील एवढे. फार रुंद भांडे घेतले तर बाटलीभर वाइन तळाशी पसरते आणि फळे अर्धी उघडी राहतात. ॲल्युमिनियमचे पातेले, तांबे-पितळ आणि लोखंडी कढई कटाक्षाने टाळावी. वाइनमधले आम्ल धातूशी क्रिया करते आणि चव धातूची होते. लोखंडात तर टॅनिनमुळे लाल रंग निळसर काळा पडतो. हिरड्याच्या पाण्यात लोह पडले की काळी शाई तयार होते, त्याच जातीचा हा प्रकार.

पातेल्यात वाइन, पाणी, साखर, मीठ, मसाले आणि संत्र्याची साल एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळली आणि कडेने बुडबुडे येऊ लागले की आच मंद करून दहा मिनिटे झाकण न ठेवता तसेच राहू द्यावे, म्हणजे मसाल्यांचा अर्क आधीच उतरतो आणि मद्याचा पहिला उग्र वास निघून जातो. या वेळी एक्झॉस्ट पंखा चालू असावा आणि तोंड पातेल्यावर नेऊ नये. मद्याचा अंश ७८ अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतो आणि ही वाफ ज्योतीजवळ पेट घेऊ शकते.

तेवढ्या वेळात फळे सोलावीत. एका मोठ्या भांड्यात पाणी घेऊन त्यात निम्मे लिंबू पिळून ठेवावे, कारण सोललेल्या नासपतीला हवा लागताच ती काही मिनिटांत तपकिरी पडते आणि तो डाग रेड वाइनमध्येही मळकट दिसतो. फळ डाव्या हातात देठाने धरावे आणि पीलर मानेपासून बुडापर्यंत एका सलग ओढीत खाली आणावा. मध्येच थांबून पुन्हा सुरू केले की तिथे पायरी पडते, आणि शिजल्यावर वाइनचा रंग त्या प्रत्येक पायरीवर गडद रेघ होऊन बसतो. सोलणे झाल्यावर पीलरच्या पट्ट्यांच्या मधल्या कडांवरून तोच पीलर अगदी अलगद, जवळजवळ वजन न देता फिरवावा, म्हणजे अंग गुळगुळीत होते. देठ काढू नये. त्याच्या टोकाचा वाळलेला भाग तेवढा कापावा.

आता फळ उलटे धरून बुडातून गाभा काढायचा. पीलरचे टोक किंवा लहान चमचा बुडाच्या मधोमध खुपसून गोल फिरवावा आणि बिया व त्यांच्याभोवतीचा कडक भाग बाहेर काढावा. खोली साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर. यामुळे खाणाऱ्याला चमच्याखाली बी येत नाही आणि वाइनला आतूनही वाट मिळते, म्हणून हे काम मी कधी टाळत नाही. शेवटी बूड सुरीने पातळ कापून सपाट करावे, म्हणजे ताटलीत फळ डुलत नाही.

सोललेली फळे लिंबाच्या पाण्यातून काढून वाइनमध्ये आडवी ठेवावीत, एकाचा देठ दुसऱ्याच्या बुडाकडे. उरलेल्या अर्ध्या लिंबाचा रस या वेळी वाइनमध्ये घालावा. लाल रंग आम्लात उजळ राहतो आणि फळाचा पृष्ठभागही लवकर खचत नाही. त्यावर कागदाचे झाकण ठेवावे. बेकिंगसाठी मिळणारा पार्चमेंट कागद पातेल्याच्या आतल्या व्यासाएवढा गोल कापून मध्यभागी रुपयाएवढे भोक पाडावे आणि तो थेट फळांवर, द्रवाला चिकटवून ठेवावा. मेणकागद वापरू नये, कारण त्याचे मेण उष्णतेने वितळते. हा कागद फळाचा वर आलेला भाग ओला ठेवतो आणि भोकातून वाफही जाऊ देतो. नेहमीचे झाकण लावले तर आतला द्रव नकळत उकळू लागतो.

उकळी येऊ द्यायची नाही, ही या संपूर्ण कृतीतली सर्वात कठीण गोष्ट आहे, कारण आपल्या स्वयंपाकात उकळी हेच शिजण्याचे लक्षण मानले जाते. नासपतीच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि ८५ अंशांच्या पुढे ते द्रव्य हळूहळू सैल होऊ लागते. ८५ ते ९० अंशांवर ते सावकाश आणि सर्वत्र सारखे सैल होते. खळखळत्या उकळीत मात्र बाहेरचा थर गळून पडतो तरी आत फळ कच्चेच असते, शिवाय फळे एकमेकांवर आपटून त्यांची अंगे खरचटतात. थर्मामीटर नसेल तर डोळ्यांनी ओळखावे. पृष्ठभाग किंचित थरथरत असावा, कागदाच्या भोकातून वाफेची बारीक रेघ निघत असावी आणि सात-आठ सेकंदांतून एखादाच बुडबुडा वर यावा. पाइप गॅसच्या लहान बर्नरवर आच पूर्ण कमी करूनही बुडबुडे थांबत नसतील, तर मध्ये तवा ठेवून त्यावर पातेले ठेवावे. पुरणपोळीचे पुरण तळाला लागू नये म्हणून करतो तीच युक्ती.

दर दहा मिनिटांनी कागद उचलून फळे दोन लाकडी चमच्यांनी अलगद फिरवावीत. काटा लावू नये, चिमट्याने धरू नये. गरम फळाच्या अंगावर उमटलेली खूण रंगाने ठळक होते. मानेला किंचित दबणाऱ्या पॅकहॅमला २५ ते ३० मिनिटे लागतात, अजून कडक असलेल्या फळाला ४० मिनिटांपर्यंत, आणि कडक बब्बूगोशाला दहा-बारा मिनिटे पुरतात. परीक्षा पातळ सुरीच्या टोकाने आणि फळाच्या बुडाकडूनच करावी, म्हणजे खूण दिसत नाही. टोक सहज आत जावे, पण शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरला थोडासा अडथळा जाणवावा. तो अडथळा असतानाच गॅस बंद करायचा, कारण लिटरभर गरम द्रव निवायला बराच वेळ घेतो आणि तोपर्यंत फळ आणखी शिजत राहते. सुरी लोण्यातून गेल्यासारखी गेली, तर फळ तेव्हाच बाहेर काढून बशीत निववावे आणि द्रव गार झाल्यावर पुन्हा आत सोडावे.

एक रात्र

कागद तसाच ठेवून पातेले ओट्यावर निवू द्यावे. आपल्याकडच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त वेळ ते बाहेर ठेवू नये. लवकर निववायचे असल्यास परातीत थंड पाणी घेऊन त्यात पातेले ठेवावे. कोमट झाले की लवंगा आणि चक्रफूल काढून टाकावे, कारण रात्रभरात हे दोघे सगळ्यांवर मात करतात. दालचिनी, वेलची आणि संत्र्याची साल राहू द्यावी. मग फळे व द्रव काचेच्या किंवा स्टीलच्या उभट डब्यात भरावे, फळे पूर्ण बुडतील असे. वर येत असतील तर त्यांच्यावर लहान बशी ठेवावी. डबा फ्रिजमध्ये ठेवावा. झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी एकदा फळांची कूस बदलावी. बारा तास हे किमान, चोवीस तास उत्तम. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंतही ती चांगली राहतात, मात्र त्यानंतर गर फार मऊ होतो.

पाक

दुसऱ्या दिवशी फळे एका ताटात काढून द्रव गाळून घ्यावा. त्यातला निम्मा, म्हणजे साधारण ४५० मिलिलिटर, पसरट पॅनमध्ये घालून मोठ्या आचेवर आटवावा. इथे मात्र खळखळून उकळी हवी. पंधरा मिनिटांच्या आसपास तो १८० मिलिलिटरपर्यंत येतो. शेवटची चार मिनिटे पॅनजवळून हलू नये, कारण कडेला पाक करपला की तो कडवटपणा सगळीकडे पसरतो. ज्यांचा हात गुलाबजाम किंवा साखरांब्याच्या पाकावर बसला आहे, त्यांची इथे एक चूक होण्याची शक्यता असते: ते एकतारीची वाट पाहतात. गरम असताना एकतारी झालेला हा पाक फळांतून उतरलेल्या पेक्टिनमुळे निवल्यावर जेलीसारखा घट्ट होतो आणि फळावरून ओघळत नाही. चमचा बुडवून उलटा धरावा आणि मागच्या बाजूवर बोटाने रेघ ओढावी; रेघ मिटली नाही की आच बंद करावी. शंका असेल तर फ्रिजमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाकून पाहावा. पाक कोमट झाल्यावर चव घेऊन, गरज वाटल्यास अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा.

वाढताना

फळे वाढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमधून बाहेर काढावीत. अतिथंड फळाला सुवास नसतो. खोलगट पांढऱ्या बशीत नासपती उभी ठेवून तिच्या देठापासून दोन चमचे पाक ओतावा, तो अंगावरून ओघळत खाली तळे करतो.

सोबत काय द्यावे याबद्दल माझे मत ठाम आहे: चक्का. घरच्या दह्याचा, चार-पाच तास फडक्यात टांगलेला, २०० ग्रॅम चक्का घेऊन त्यात दोन चमचे साय आणि एक चमचा पिठीसाखर घालून फेटावा. त्याचा आंबटपणा पाकाच्या गोडीला आवर घालतो आणि फळाशेजारी त्याचा पांढरा गोळा देखणा दिसतो. बासुंदी किंवा रबडी मात्र देऊ नये. वाइनमधल्या आम्लाने दूध फाटते, आणि लाल रंग आम्लात लाल असला तरी दुधासारख्या सौम्य पदार्थात राखाडी-जांभळा होतो. चक्का मुळात आंबट असल्यामुळे पाक त्यात मिसळला तरी गुलाबीच राहतो. वरून थोडे भाजून भरडलेले अक्रोड किंवा पिस्ते घालावेत, एवढे पुरे.

पाहुण्यांना यात वाइन आहे हे वाढण्यापूर्वी स्पष्ट सांगावे. शिजवल्यावर मद्य पूर्ण उडून जाते हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार अर्धा तास मंद आचेवर शिजवलेल्या पदार्थात मूळ मद्याचा सुमारे ३५ टक्के अंश उरतो, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. म्हणून लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना, मद्य सोडलेल्या किंवा श्रद्धेने वर्ज्य मानणाऱ्या माणसांना हा पदार्थ देऊ नये. त्यांच्यासाठी दुसरे पातेले लावावे.

त्या दुसऱ्या पातेल्यात ५०० मिलिलिटर ताजा डाळिंबाचा रस, २५० मिलिलिटर काळ्या द्राक्षांचा रस आणि २५० मिलिलिटर पाणी घ्यावे, साखर फक्त १०० ग्रॅम, आणि पाच-सहा बिनमिठाची कोकमे. कोकमाचे आम्ल आणि किंचित तुरटपणा इथे वाइनची जागा भरून काढतात, आणि रंग तर वाइनपेक्षाही उजळ येतो. मिठाचे आगळ वापरू नये, आटल्यावर पाक खारट होतो. मसाले, आच, वेळ, रात्रभर मुरवणे सगळे तेच. माझ्या घरी आता दोन्ही पातेली एकाच वेळी लागतात आणि बशा वेगळ्या रंगाच्या ठेवतो, म्हणजे वाढताना अदलाबदल होत नाही.

आटवून उरलेला निम्मा मसालेदार द्रव फेकू नये. बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवला तर पुढच्या खेपेला त्यात पेलाभर नवी वाइन आणि ५० ग्रॅम साखर घालून पुन्हा फळे शिजवता येतात. नासपतीच असली पाहिजे असे नाही. हिवाळ्यात घट्ट पांढऱ्या गराचे पेरू सोलून, अर्धे करून, बिया चमच्याने काढून त्यात पंधरा मिनिटे ठेवावेत. पुरंदरची अंजिरे आली की ती न सोलता, देठासकट, फक्त चार-पाच मिनिटे. अंजिराला आच बंद केलेल्या गरम द्रवात सोडून दिले तरी ते शिजते.